‘मेन’ युद्धनौकेची कागदी प्रतिकृती: संच चांगला, पुस्तिका उतावळी

बेळगावच्या खडेबाजार परिसरातील एका छोट्या दुकानातून मी जूनमध्ये, १८९८ साली स्फोटाने बुडालेल्या ‘मेन’ या अमेरिकी युद्धनौकेच्या कागदी प्रतिकृतीचा संच १,४५० रुपयांना घेतला आणि खानापूरच्या पावसाळ्यात, भाच्याला मदतीला घेऊन, तो सहा आठवड्यांत पुरा केला. प्रमाण १:२०० असल्यामुळे नौका हातभर, म्हणजे साधारण ४९ सेंटिमीटर लांब होते.

कार्ड जाड असून कापण्याच्या रेषा स्वच्छ छापल्या आहेत. मात्र आमच्याकडच्या दमट हवेत फेव्हिकॉलचा हात जरा जड पडला की कार्ड फुगते, तेव्हा हे काम दिवाळीनंतर काढलेले बरे. तोफांचे दोन बुरूज समोरासमोर नसून पुढचा उजवीकडे आणि मागचा डावीकडे सरकलेला आहे. छपाई चुकली असे समजून आम्ही पुढचा बुरूज मध्यभागी चिकटवला आणि नंतर तो उचकटावा लागला, कारण मूळ नौकेची बांधणीच तशी होती.

संचाची खरी करामत पुढच्या भागात आहे. तिथला बाहेरचा पत्रा, म्हणजे अर्थातच कार्ड, झाकणासारखा काढता येतो आणि आत ए-१६ क्रमांकाची कोळशाची कोठी व तिला लागूनच सहा इंची तोफांच्या राखीव दारूची कोठी दिसते. दोहोंमध्ये कार्डाचा एकच तुकडा आहे. भाच्याने तो बसवताना विचारले, “मामा, कोळसा आपोआप पेटतो का?” पेटतो. त्या काळच्या जहाजांवरील बिट्युमिनस कोळसा साचून राहिला की आतल्या आत तापत असे, आणि १९७६ साली अमेरिकी नौदलाचे ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांनी तज्ज्ञांकडून करून घेतलेल्या अभ्यासाने ‘मेन’वरील स्फोटामागे हीच शक्यता सर्वांत सबळ मानली.

म्हणूनच सोबतच्या पुस्तिकेचा राग येतो. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी स्पेनच्या ताब्यातील क्यूबाच्या हवाना बंदरात ‘मेन’ पाणसुरुंगाने उडाली, असे ती बेधडक सांगते. अडीचशेहून अधिक माणसे त्या रात्री दगावली, त्यांत अधिकारी फक्त दोनच, कारण अधिकाऱ्यांच्या खोल्या मागे होत्या आणि खलाशी पुढे, दारूच्या कोठ्यांच्या वरच, झोपत. हे प्रतिकृतीत स्पष्ट दिसते, पण पुस्तिकेत त्याबद्दल एक ओळ नाही. ‘मेन’चे कॅप्टन सिग्स्बी यांनी त्याच रात्री पाठवलेल्या तारेत, पुढील अहवाल येईपर्यंत लोकांनी मत बनवू नये, असे बजावले होते. हर्स्ट यांच्या ‘न्यूयॉर्क जर्नल’ला तेवढा धीर कुठला? त्या वर्तमानपत्राने स्पेनकडे बोट दाखवले आणि गुन्हेगार शोधून देणाऱ्याला ५०,००० डॉलरचे इनाम लावले. एकाच मोर्च्याच्या दोन हकिगती सकाळी मराठी आणि कन्नड वर्तमानपत्रांत वाचणाऱ्या आम्हा सीमाभागातील लोकांना यात नवल वाटत नाही.

पुढचा तारीखवार क्रम पुस्तिकेने दिला आहे, पण त्यातली मेख तिच्या ध्यानात आलेली नाही. अमेरिकी काँग्रेसने ९ मार्चला संरक्षणासाठी ५ कोटी डॉलर मंजूर केले, तर सुरुंगाचा निष्कर्ष काढणारा चौकशी अहवाल तिच्यापुढे आला २८ मार्चला. संयुक्त चौकशीची स्पेनची सूचना नाकारली गेली होती, आणि सुरुंग फुटला असता तर दिसायला हवा असा पाण्याचा स्तंभ उसळलेला किंवा मेलेले मासे कोणी पाहिले नाहीत, हा स्पॅनिश चौकशीचा मुद्दा कोणी मनावर घेतला नाही. १८९५ पासून धुमसणारे क्यूबाचे बंड आणि स्फोटाआधी सहाच दिवस छापून आलेले, राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींना हिणवणारे स्पॅनिश राजदूताचे पत्र यांनी सरण आधीच रचले होते. २५ एप्रिलला युद्ध जाहीर झाले आणि १० डिसेंबरच्या पॅरिस तहाने पोर्तो रिको, ग्वाम आणि २ कोटी डॉलरच्या बदल्यात फिलिपाइन्स अमेरिकेकडे गेले.

तुलनेसाठी एखादे पान हवे होते. ११ सप्टेंबर १९०५ रोजी ‘मिकासा’ ही जपानी युद्धनौका सासेबो बंदरात आतल्या स्फोटाने बुडाली आणि शेकडो खलाशी मेले; रशियाशी युद्ध संपवणारा तह होऊन आठवडाही झाला नव्हता, त्या तहाविरुद्ध टोकियोत दंगलही झाली होती, तरी तह मोडला नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात विकल्या जाणाऱ्या संचात एवढी माहिती घालायला हरकत नव्हती, कारण इथल्या ग्राहकांत निवृत्त सुभेदार कमी नाहीत आणि ते प्रश्न विचारतात.

दुकानाच्या सेवेबद्दल सांगायचे तर आमच्या पाकिटात एका धुराड्याचा तुकडा नव्हता. दुकानदाराने खळखळ न करता तो मागवून दिला, पण त्यासाठी सतरा दिवस लागले आणि बेळगावच्या दोन खेपा झाल्या.

प्रतिकृतीला पाचपैकी चार आणि पुस्तिकेला दीड गुण देतो. घेणार असाल तर दुकानातच पाकीट फोडून तुकडे मोजून घ्या, आणि पुढच्या भागाचे झाकण मात्र चिकटवू नका; आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा आधी तेच उघडतो.