बॅटरीचं टर्मिनल घासायचं, बदलायचं, की अख्खी केबलच टाकायची?

जानेवारीतली निफाडची पहाट. द्राक्षाचे क्रेट भरून पिकअप उभी, सेल्फ मारला की नुसतं 'टक्'. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत, इंजिन मात्र ढिम्म. तेव्हा आम्ही चौघांनी धक्का मारून गाडी काढली, वाशीला माल उतरवला आणि येताना मी नवी बॅटरी घेऊन आलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच 'टक्'. जुन्या बॅटरीत काही खोट नव्हती. तिच्या डोक्यावर पांढरं-निळं पीठ धरलेली टर्मिनलं, म्हणजे केबलच्या टोकाच्या पकडी, मी तशीच नव्या बॅटरीवर चढवली होती.

दिवे लागतात म्हणजे कनेक्शन बरं आहे, हा समज इथे दगा देतो. दिव्यांना लागतो पाच-दहा अँपिअर करंट, डिझेल इंजिनाचा सेल्फ सहज तीनशे ओढतो. पिठामुळे जोडात ०.०१ ओहमचा अडथळा आला, तर दिव्याला ०.१ व्होल्ट कमी मिळतील, कळणारही नाही. सेल्फचे मात्र तीन व्होल्ट तिथेच जातात. थंडीत ऑइल घट्ट असतं, म्हणून उन्हाळाभर झाकलेलं दुखणं जानेवारीत बाहेर पडतं.

टर्मिनलचंच दुखणं आहे असं ठरलं की तीन वाटा उरतात: घासून साफ करणं, नवं टर्मिनल लावणं, किंवा केबलच बदलणं. दुकानदार मधली वाट सुचवतो, कारण टर्मिनल काउंटरवर टांगलेलंच असतं. माझं मत असं, की निर्णय टर्मिनलकडे बघून घेऊच नये. केबलचं रबर टर्मिनलपाशी बोटभर मागे सोला आणि आतलं तांबं बघा.

तांबं लालसर चमकत असेल आणि टर्मिनलचा आकार शाबूत असेल, तर घासणं पुरे. नवं आणायला धावू नका. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ओता, फेस थांबेपर्यंत. त्याआधी बॅटरीची झाकणं घट्ट आहेत ना बघा, सोडा सेलमध्ये गेला तर आतल्या ॲसिडची वाट लागते. स्टँडवर नुसतं उकळतं पाणी ओततात. त्यानं पीठ वाहून जातं, पण ॲसिड मारलं जात नाही. तेच पाणी खालच्या ट्रेवर साचतं आणि वर्षभरात ट्रेचा पत्रा खातं. मग पॉलिश पेपरनं पोल (बॅटरीवरचा शिशाचा खुंट, ज्यावर टर्मिनल बसतं) आणि टर्मिनलची आतली बाजू शिशाची चकाकी दिसेपर्यंत घासायची. खर्च जवळपास शून्य, वेळ अर्धा तास. आणि एक, त्या पिठात शिसं असतं. तोंडानं फुंकर मारू नका, तंबाखू मळायच्या आधी हात साबणानं धुवा.

टर्मिनल बदलायची वेळ ओळखायची खूण सोपी आहे. बोल्ट पूर्ण आवळला, टर्मिनलचे दोन्ही कान एकमेकांना टेकले, तरी ते पोलवर हातानं फिरतंय? मग ते ताणून संपलंय. आपल्याकडे अशा वेळी फटीत खिळा नाहीतर पत्र्याचा तुकडा ठोकतात. गाडी चालते, पण पकड उरते खिळ्याच्या दोन रेघांवर, आणि शिशाच्या पोलला खाच पडते ती कायमची.

नवं घेताना शिशाचं की पितळी, यावर दुकानात हमखास वाद होतो. पितळेतून वीज शिशापेक्षा कितीतरी सहज वाहते हे खरं, पण टर्मिनल असतं दोन बोटांचं, तेवढ्या अंतरात तो फरक जाणवत नाही. महत्त्वाचं असतं ते पोलवर किती जागा चिकटून बसते. शिसं मऊ, ते पोलचा आकार धरतं. पण दर महिन्याला खोल-बसव करणार असाल तर त्याचे कान लवकर ताणतात. पितळ कडक, वारंवार उघडलं तरी टिकतं, पण ॲसिड लागलं की हिरवं-निळं पडतं. कल्हई केलेलं पितळ घेतलं तर हा त्रास उशिरा सुरू होतो, कल्हई खरवडली गेली की पुन्हा तेच. मी माल वाहणाऱ्या गाडीला शिशाचं लावतो. पत्र्याची चकचकीत हलकी टर्मिनलं मात्र फुकट दिली तरी नको. मुलामा उडाला की गंज.

पोलचं मापही बघा. पॉझिटिव्ह पोल निगेटिव्हपेक्षा जाड असतो. नेहमीच्या जाड पोलच्या बॅटरीत बुडाशी साधारण १९.५ आणि १७.९ मिलिमीटर, बारीक पोलच्या बॅटरीत १४.७ आणि १३. खिळे ठोकायची पाळी बऱ्याचदा इथूनच येते, बॅटरी एका मापाची आणि टर्मिनल दुसऱ्या.

आणखी एक सापळा म्हणजे केबल दोन स्क्रूच्या पट्टीखाली दाबायची टर्मिनलं. रस्त्यात अडकलात तर देवासारखी. पण तांब्याची टोकं उघडी राहतात, वाफ आत शिरते आणि सहा महिन्यांत पुन्हा त्याच जागी येता. गावी पोचल्यावर थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाला बसणारी धातूची टोपी, दाबून घ्या. तेही हायड्रॉलिक प्रेसनं, हातोडीनं ठोकून नव्हे. डाग देऊन जोडलेली केबल दिसायला छान, पण डाग संपतो तिथे तार ताठ होते आणि गाडीच्या थरथरीनं नेमकी तिथेच तुटते.

आता तांबं काळं निघालं तर? दोन बोटं कापून आत लाल तांबं लागलं आणि केबलला ढील असेल, तर नवं थिंबल आणि नवं टर्मिनल. कापत गेलात तरी काळंच, किंवा रबर फुगून कडक झालंय, किंवा सेल्फ मारताना केबल हाताला गरम लागते, तर केबल गेली. तिला नवं टर्मिनल लावणं म्हणजे कुजलेल्या खांबाला रंग देणं.

इथे माझा सल्ला जरा वाकडा आहे: दोन्ही बाजूंना एकच न्याय लावू नका. निगेटिव्हची केबल आखूड, बॅटरीपासून बॉडी-इंजिनापर्यंत. ती स्वस्त पडते आणि वरूनच बदलता येते. थोडी जरी शंका असली तरी पूर्ण टाका, आणि जिथे ती बॉडीला कसते तिथला रंग-गंजही घासा. पॉझिटिव्ह केबल खाली सेल्फपर्यंत जाते, मजुरी जास्त. तिथे तांबं चांगलं असेल तर नुसतं टर्मिनल पुरतं. काही गाड्यांत पॉझिटिव्हवर फ्यूजचा डबा आणि निगेटिव्हवर सेन्सर असतो. तिथे कापाकापी नको, कंपनीचाच भाग आणा. केबल घेताना एक तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे.

पैसे खर्चण्याआधी मल्टिमीटर असेल तर एक काटा पोलच्या डोक्यावर, दुसरा टर्मिनलवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.१ व्होल्टच्या वर आकडा गेला तर दोष जोडात. तो बरा असेल तर टर्मिनलपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर म्हणजे केबल.

काम करताना आधी निगेटिव्ह काढा, लावताना तो शेवटी. उलटं केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीवर हायड्रोजन असतो. हातातलं कडं काढून ठेवा. टर्मिनल हातोडीनं ठोकून बसवू नका, पोलच्या बुडाची सील फुटते आणि तिथूनच ॲसिड झिरपायला लागतं. कसून झाल्यावर वरून व्हॅसलीन.

इतकं करून दोन महिन्यांत पॉझिटिव्हवर पुन्हा पीठ आलं, तर इंजिन चालू ठेवून बॅटरीचे व्होल्ट बघा. साध्या अल्टरनेटरला (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) १३.८ ते १४.४ हवेत. १५ दाखवत असेल तर चार्जिंग आवरणारा रेग्युलेटर गेलाय. आणि आकडा बरोबर असेल तर बॅटरीत पाणी काठोकाठ भरून ॲसिड बाहेर कोण उतू घालवतंय ते शोधा, आमच्याकडे तो ड्रायव्हर निघाला.