अकरा महिने, 14 हजार किलोमीटर आणि साईड स्टँडचा तो स्विच

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तालुक्याला त्या कंपनीचं शोरूम एकच आहे आणि मला पुढची सर्व्हिसिंगही तिथंच करायची आहे. 125 सीसीची साधी गाडी, किक नाही, टायर ट्यूबलेस, गेल्या दसऱ्याला घेतलेली. मायलेज 56-58 मिळतं, मागे गुरांच्या ढेपीचं पोतं असलं की 52. त्यावर तक्रार नाही. तक्रार होती ती साईड स्टँडवर. स्टँड खाली असला की तिथला स्विच, म्हणजे सेन्सर, इंजिन बंद करतो. घेतानाच मी सेल्समनला म्हटलं होतं की ही भानगड नसलेली दाखवा. तो म्हणाला, या किमतीत आमच्याकडे हीच आहे.

जुनी गाडी 2011 ची, कार्ब्युरेटरची. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, अडाण नदीच्या काठचं. शेतात मोटरची लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला गेलं की जुनी गाडी साईड स्टँडवर लावायची, इंजिन चालू ठेवायचं आणि हेडलाईटचा झोत सरळ स्टार्टरच्या पेटीवर सोडायचा. दोन्ही हात मोकळे, पायाखालचं जनावर दिसतं. नव्या गाडीचा स्टँड खाली केला की फट्ट, सगळा काळोख. 2017 च्या एप्रिलपासून गाड्यांच्या हेडलाईटचं बटण गेलं, लाईट इंजिनासोबत चालू आणि इंजिनासोबतच बंद. म्हणजे मी तोंडात टॉर्च धरून फ्यूज बघतोय आणि शेजारी लाखाची गाडी आंधळी उभी. तीन आठवड्यांनी लक्षात आलं की डबल स्टँडवर लावली तर इंजिन चालूच राहतं. ओल्या जमिनीत स्टँड रुततो म्हणून आता एक फळकुट धुऱ्यावर ठेवलेलं असतं. हे कळायला तीन आठवडे लागले, हे घरी कोणाला सांगितलेलं नाही.

बाकी ज्या गोष्टींना मी नाकं मुरडली होती, त्यातल्या बऱ्याच मुकाट्यानं गिळल्या. किक नसली तर शेतात अडकू, ही भीती होती. अकरा महिन्यांत किकची आठवण एकदाच आली, ती पुढे सांगतो. इंजेक्शनची गाडी गावच्या मिस्त्रीला उघडता येणार नाही म्हणून नको होती, पण पौषातल्या थंडीत चोक न ओढता पहिल्या सेल्फला लागते. रिझर्व्हचा कॉक मात्र नाही. पेट्रोलचा पंप टाकीत असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो, त्यामुळे टाकी कोरडी होईस्तोवर पळवायची जुनी सवय सोडावी लागली. ट्यूबलेसला तर मी हात जोडले. तुरीचा खुंट टायरात घुसला तो खिळ्यासारखा तसाच ठेवून घरी आलो, हवा थोडीशीच उतरली होती. जुनी असती तर गाडी ढकलत आणली असती.

आता जुलैची गोष्ट. डवरणीचे दिवस, पांदण म्हणजे नुसता काळ्या मातीचा लगदा. संध्याकाळी घरी निघायला स्टँड वर केला, सेल्फ मारला, इंजिन लागेच ना. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. मीटरवर स्टँडचा लाल दिवा तसाच. स्टँड तर वर आहे! तेव्हा किक आठवली. खरं म्हणजे किक असती तरी काही झालं नसतं, पण राग काढायला काहीतरी पाहिजे होतं. अडीच किलोमीटर ढकलली.

दुसऱ्या दिवशी मालवाहू ऑटोत टाकून शोरूमला. तिथल्या मुलानं खाली वाकूनही न बघता सांगितलं, सेन्सर गेला, 740 चा सेन्सर आणि 150 मजुरी. म्हटलं, वॉरंटी आहे. तर म्हणे, गाडी चिखलात घातली होती का? म्हटलं, मग काय देव्हाऱ्यात ठेवू? चिखल वॉरंटीत बसत नाही म्हणे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर चिखलाशिवाय दुसरं काय असतं? गाडी तशीच उचलून गावच्या मिस्त्रीकडे आणली. त्यानं विचारलं, "भाऊ, डायरेक्ट करून देऊ का?" दोन वायरी सोलल्या, पीळ दिला, वर टेप. 50 रुपये. मी गावभर सांगत सुटलो की 840 वाचवले.

इथपर्यंतचं मी ऑगस्टमध्येच लिहून ठेवलं होतं, शेवटी 'हा स्विच पहिल्या दिवशीच तोडा' असा सल्लाही होता. तो आता खोडलाय.

तान्हा पोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ढेपीचं पोतं घेऊन तालुक्याहून येत होतो. ऊन कडक, डोक्याला दुपट्टा, वर हेल्मेट. पूर्वी एखाद्याचा स्टँड खाली राहिला की अख्खा रस्ता ओरडायचा. समोरचा पंजा खाली-वर करून दाखवायचा, मागचा हॉर्न वाजवत गाठायचा. त्या दिवशीही टपरीवरचा एक जण उठून हात हलवत होता. ओळखीचा असेल म्हणून मीही हात वर केला. फाट्यावर डावीकडे वळलो, गाडी डावीकडे कलली, स्टँड डांबराला टेकला आणि मागचं चाक उचललं गेलं. वेग तिशीचा असेल. कोपर सोललं, पोतं फुटलं आणि मी उठून बसेपर्यंत कोणाच्या तरी चार बकऱ्या ढेपीवर तुटून पडल्या होत्या. क्लच लिव्हर, आरसा, इंडिकेटर, फूटरेस्ट मिळून 1,160 रुपये. ढेप वेगळी.

मिस्त्रीकडे यावेळी बसून पूर्ण बघितलं. स्टँडच्या खाचेत चिखल वाळून दगड झाला होता, स्प्रिंगही ढिली. स्टँड शेवटचं बोटभर वर जातच नव्हता, त्यामुळे स्विचला तो खालीच वाटत होता. म्हणजे जुलैमध्ये स्विच खरंच सांगत होता आणि आम्ही त्याचंच तोंड बंद केलं. मिस्त्रीनं खाच डिझेलनं धुतली, 40 ची नवी स्प्रिंग टाकली, वायरी परत होत्या तशा जोडल्या. सेन्सर एकदम ठीक, 740 कशाचे ते देव जाणे. वर जुन्या ट्यूबचा तुकडा झडपेसारखा बांधून दिला, माती आत जायला नको म्हणून. जोडायचेही 50 घेतले. म्हटलं, तोडायचे पण घेतले होते ना? तर म्हणतो, "तवा तोडाले तुम्हीच हाव म्हटलं होतं, भाऊ."

एक गोष्ट अजूनही पटलेली नाही, ती म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. 2019 मध्ये 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना हे नाहीतर एबीएस (चाक जाम होऊ न देणारा ब्रेक) सक्तीचं झालं. डांबरावर छान, पण पांदणीत पुढचं चाक आधीच घसरत असताना मला नको तिथं ब्रेक लागतो. पांदणीत मी पायाला ब्रेकपासून लांबच ठेवतो, गिअरवरच गाडी उतरवतो.

दसऱ्यानंतर सर्व्हिसिंग आहे. गाडी न धुता नेणार आहे. आधी त्या मुलाला खाली वाकायला लावणार, मग बिलाचं बोलू.