बांडुंगचे भूविज्ञान संग्रहालय: खडकांच्या दालनासाठी अवश्य जावे असे ठिकाण

इंडोनेशियातील बांडुंग येथे १९२९ साली सुरू झालेले भूविज्ञान संग्रहालय पाहिल्याशिवाय जावा बेटाचा निरोप घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक पर्यटक आदिमानवाच्या आणि प्राचीन हत्तींच्या जीवाश्मांकडे वळतात. मात्र खरा वेळ द्यावा तो खडकांना.

अँडेसाइट हा ज्वालामुखीतून तयार झालेला खडक अगदी जवळून पाहावा. राखाडी पोतात फेल्डस्पार या खनिजाचे पांढरे ठिपके आणि हॉर्नब्लेंड या दुसऱ्या खनिजाच्या काळ्या काड्या विखुरलेल्या दिसतात. जावातील बोरोबुदूरचा प्राचीन बौद्ध स्तूप याच खडकाचा आहे. समुद्रतळाचे भूपट्ट जावाखाली सरकताना त्यातील पाणी वरच्या तप्त प्रावरणात शिरते, त्यामुळे प्रावरण वितळते, आणि त्यातून अखेरीस सिलिका अधिक असलेला दाट शिलारस तयार होतो. म्हणूनच येथे स्फोटक, शंकूच्या आकाराचे ज्वालामुखी उभे राहिले, तर आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पातळ लाव्हाच्या थरांनी दूरवर पसरला. सह्याद्री पायाखालून गेलेल्या माणसाला ही तुलना विशेष भावेल.

पूर्व जावातील इजेन ज्वालामुखीच्या विवरातील पिवळाधमक गंधक मजूर आजही खांद्यावरून वाहून आणतात, हे ठाऊक असले की त्या खनिजाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. सुलावेसी बेटाचे निकेल मात्र ज्वालामुखीचे नव्हे. उष्ण, पावसाळी हवामानात झिजलेल्या सागरतळाच्या खडकांतून ते साठले आहे.

भूगोल शिकणाऱ्या मुलांना येथे जरूर न्यावे.