उच्च रक्तदाबाच्या रुग्णांसाठी दृष्टिपटल तपासणी : चिपळूणमधील एका नेत्रचिकित्सालयाचा अनुभव

उच्च रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असलेल्यांनी केवळ चष्म्याचा नंबर तपासून थांबू नये, असे माझे मत असल्याने वडिलांच्या दृष्टिपटलाची (डोळ्याच्या आतील पडद्याची, म्हणजे रेटिनाची) तपासणी चिपळूणमधील एका खासगी नेत्रचिकित्सालयात करून घेतली.

तेथील सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे डोळ्यांत औषध घालण्यापूर्वी परिचारिकेने वडिलांचा रक्तदाब मोजला आणि चालू गोळ्यांची नोंद घेतली. बाहुली मोठी करणाऱ्या काही थेंबांत फिनाइलएफ्रिन असते व त्याने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून वडिलांसाठी नुसते ट्रॉपिकामाइड वापरण्यात आले. रांगेतील प्रत्येकाच्या डोळ्यांत सरसकट तेच थेंब घालण्याची पद्धत मी अन्यत्र पाहिली असल्यामुळे ही दक्षता मला मोलाची वाटली.

डॉक्टरांनी दृष्टिपटलाचे छायाचित्र पडद्यावर दाखवून सावकाश समजावले. शरीरातील सूक्ष्म रक्तवाहिन्या चिरफाड न करता थेट दिसतात त्या येथेच. रक्तदाब दीर्घकाळ चढा राहिल्यास तेथील धमन्या अरुंद व जाड होतात आणि धमनी जेथे शिरेला ओलांडते तेथे शीर दबते. पुढे रक्तस्राव व कापसासारखे पांढरे ठिपके दिसू लागतात, आणि दाब धोकादायक पातळीला गेला तर डोळ्याच्या मुख्य नसेलाही सूज येते. १९३९ पासून रूढ असलेल्या चार श्रेणींच्या वर्गीकरणात वडिलांचे बदल दुसऱ्या श्रेणीत बसत होते, तरी त्यांना दिसण्यात कसलाही फरक जाणवत नव्हता. "काका, याला चष्मा नाही आणि थेंबही नाहीत, दाब आटोक्यात ठेवायचा," असे सांगून त्यांनी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. दृष्टिपटलातील शिरेत रक्त गोठल्यास एका डोळ्याने अचानक धूसर दिसू लागते, दुखत मात्र नाही. तसे झाल्यास त्याच दिवशी यावे, असेही त्यांनी बजावले.

उणिवाही आहेत. छायाचित्राची प्रत मागितल्याशिवाय मिळत नाही. वास्तविक पुढच्या तपासणीत तुलना करायला तीच हवी असते. आहाराच्या पत्रकात "मीठ कमी" एवढेच छापलेले आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगते. सुकट, खारवलेले बांगडे, पापड, लोणचे आणि मीठ घातलेले कोकमाचे आगळ ज्या घरांत वर्षभर असते, तेथे ही मर्यादा भाजीत मीठ न घालताही ओलांडली जाऊ शकते. कोकणातील रुग्णांसाठी काढलेल्या पत्रकात या पदार्थांची नावे हवीत. शिवाय दवाखाना पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, आणि थेंब घातल्यावर अंधुक दिसत असताना तोच जिना उतरावा लागतो.

धूसरपणा काही तास टिकतो व उन्हाचा त्रास होतो, त्यामुळे गुहागर किंवा दापोलीकडून येणाऱ्यांनी स्वतः गाडी चालवू नये, सोबत कोणीतरी आणावे. घरी मोजलेल्या रक्तदाबाची वही जवळ ठेवावी. डॉक्टर ती आवर्जून पाहतात.