प्रेग्नन्सीवाली प्रोबायोटिक कॅप्सूल: 5 पैकी 2 स्टार

माझ्या धाकट्या जावेला पाचवा महिना चालूये, तिच्या आईला डायबेटिस आहे त्यामुळे हिलाही शुगर निघेल अशी घरात सगळ्यांनाच धास्ती, म्हणून तिने ही कॅप्सूल ऑनलाइन मागवली. डबीवर पुढेच मोठ्या अक्षरात 'हेल्दी शुगर, हेल्दी प्रेग्नन्सी'. मागे बारीक अक्षरात '25 डिग्रीखाली ठेवा', आणि पार्सल आलं नागपूरच्या मे महिन्यात साध्या खोक्यातून, हातात घेतलं तर डबी चक्क गरम! प्रोबायोटिक म्हणजे पोटाला चांगले असे जिवंत जंतू, ते आत जिवंत असतील की नाही देव जाणे.

पण खरी काळजी वेगळीच आहे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला वजन जास्त असलेल्या 411 गरोदर बायकांवर ट्रायल झाली, 2019 मध्ये रिझल्ट आले. प्रोबायोटिक घेणाऱ्यांपैकी 18.4 टक्के जणींना शुगर निघाली आणि नुसती डमी गोळी घेणाऱ्यांपैकी 12.3 टक्के, म्हणजे फायदा काहीच दिसला नाही. बीपी वाढून होणारा प्रीएक्लॅम्पसिया 9.2 विरुद्ध 4.9 टक्के. आता एकट्या ट्रायलमध्ये एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो हे मान्य, पण 2021 च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये (कॉक्रेन ही वेगवेगळ्या ट्रायल एकत्र करून तपासणारी संस्था) अशा चार ट्रायल एकत्र केल्या, 955 बायका, तेव्हाही प्रीएक्लॅम्पसियाचा धोका 1.85 पट निघाला. शुगर टळते का, याचं ठाम उत्तर त्यातही नाही. डबीवर यातलं अक्षरही नाही, आणि माझा राग त्याचाच आहे, कारण हे घेणारी बाई आधीच घाबरलेली असते हो!

गॅसचा त्रास थोडा कमी झाला असं जाऊ म्हणते, कॅप्सूल छोटी आहे, गिळायला सोपी, ते 2 स्टार त्याचेच. पण तिच्या गायनॅकने डबी बघून बंद करायला सांगितली. जेवणातलं दही-ताक चालू ठेव म्हणाल्या, आणि शुगरसाठी 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त देतात ती टेस्ट करायला लावली, त्यात 140 च्या आत आली की ठीक.

तुमच्या घरात कोणी घेत असेल तर आधी डॉक्टरांना डबी दाखवा आणि बीपी चेक करत राहा. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, बरगडीखाली दुखणं, चेहरा-हात अचानक सुजणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या व्हिजिटची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

आणि हो, आत नेमके कोणते स्ट्रेन, म्हणजे जंतूंचे प्रकार, आहेत ते डबीवर नाही म्हणून कस्टमर केअरला विचारलं, तर 'प्रीमियम ब्लेंड आहे मॅम' एवढंच उत्तर. रिफंडही नाही, सील उघडलंय म्हणे.