पंप दुरुस्तीच्या गाडीतला रॅक: नऊ महिने वापरल्यानंतर

बेळगावात माझं मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान आहे, पण निम्म्याहून जास्त काम शेतावर. जांबोटी, खानापूरपासून हुक्केरी, संकेश्वरपर्यंत ईको कार्गो (मारुतीची छोटी मालवाहू व्हॅन) घेऊन फिरतो. गाडीत रॅक बसवणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय, कारण माझे पहिले पैसे पाण्यात गेले.

आधी दुकानात असतो तसलाच भोकांच्या लोखंडी अँगलचा रॅक घेतला. दुकानातला रॅक दहा वर्षं जागचा हललेला नाही, म्हटलं गाडीतही टिकेल. तीन आठवड्यांत नट सैल झाले. घट्ट केले, परत सैल. पत्र्याच्या फळ्यांचा आवाज एवढा की शेजारी बसलेल्या पोराशी बोलता येईना. आवाज मी सोसला असता. पण एकदा मोनोब्लॉकसाठी (मोटार आणि पंप एकत्र असलेला पंप) 6205 नंबरचं बेअरिंग काढलं, तर धक्क्याधक्क्यानं खोका घासून फाटलेला आणि आत लाल माती. माती शिरलेलं बेअरिंग मोटारीत घालायला माझं मन होत नाही. नवं होतं, तरी बाजूला टाकलं. त्याच दिवशी ठरवलं, हा रॅक काढायचा.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ओळखीच्या सुताराकडून प्लायचा रॅक करून घेतला. फळ्या 12 मिमीच्या, फक्त तळाची 18 मिमीची. प्लाय आयएस 710 चा, म्हणजे मरीन ग्रेडचा. सुतार म्हणाला एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) स्वस्तात बसेल. मी ऐकलं नाही ते बरं झालं. जुलैत कणकुंबीकडं गेलो होतो, तिथला पाऊस माहीत असणाऱ्यांना सांगायला नको. मागच्या दाराच्या रबरातून पाणी आत आलं, तळाची फळी दोन दिवस ओली होती, तरी फुगली नाही. एमडीएफची भाकरी झाली असती.

बोल्ट सगळे नायलॉक नटाचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, धक्क्यानं सैल न होणारा नट. साधा नट गाडीत वापरूच नका. रॅक आणि पत्रा यांच्या मधे ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घातल्यात. खर्च शून्य, आणि खडखडाट जवळजवळ गेला.

ड्रॉवर बसवायचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला. दोन बसवले. टेलिस्कोपिक चॅनलमधल्या (ड्रॉवर ज्यावर सरकतो ती पट्टी) गोळ्यांत धूळ बसली की ओढायला जोर लागतो, आणि चढावर कुलूप नसलेला ड्रॉवर आपोआप मागं येतो. दोन्ही काढले. त्याजागी फळीला पुढून दोन इंची पट्टी आणि त्याआड प्लॅस्टिकचे क्रेट. क्रेट उचलून थेट विहिरीच्या काठावर नेता येतो, हा फायदा मला आधी सुचलाच नव्हता. एका क्रेटमधे कपॅसिटर, दुसऱ्यात स्टार्टरचे कॉन्टॅक्टर, रिले आणि फ्यूज, तिसऱ्यात पंपाची पाणीगळती रोखणारे ग्लँड पॅकिंग आणि मेकॅनिकल सील.

हुक्केरीजवळ एका उसाच्या फडात अंधार पडता पडता पंपाचा स्टार्टर उघडला होता. पंपाची थ्री फेज वीज जायला अर्धा तास होता. हवा तो भाग क्रेटमधून लगेच निघाला. बॅटरी धरून उभे असलेले अण्णा म्हणाले, "मेस्त्री, न हुडकता काढलासा की ओ!" मला त्या रॅकचं खरं मोल तिथं कळलं. एरवी त्याच गाडीत मी वीस मिनिटं खोकी उपसली असती.

वजनाबद्दल थोडं. चेन ब्लॉक (पंप उचलायची साखळीची कप्पी), केबलची गुंडाळी, पाना-पेटी हे तळाला, आणि शक्यतो चालकाच्या सीटमागं, मागच्या चाकाच्या पुढं. सुरुवातीला हे सगळं दाराजवळ ठेवायचो, काढायला सोपं म्हणून. पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग हातात लागेना, घाटात भीती वाटायची. मधली जमीन मोकळी सोडा. तिथं सबमर्सिबलचा व्ही-6 सेट (सहा इंची बोअरचा लांब पंप-मोटार) आडवा झोपवून रॅचेट पट्ट्यानं बांधायचा. मी रॅक एकाच बाजूला केला तो त्यासाठीच. दोन्ही बाजूंना केला असता तर सेट ठेवायला जागाच नव्हती.

चुकलं ते एक. तळाचा कप्पा चौदा इंच उंच ठेवला, दहा पुरले असते. वरची चार इंच जागा रिकामी राहते आणि त्यात चेन ब्लॉकचा हूक उड्या मारून फळीला खड्डे पाडतो. सध्या हूक पोत्यात गुंडाळून बांधतो. पावसाळ्याआधी सुताराला बोलावून तिथं एक आडवी फळी घालून घेणार आहे, वर केबलचे तुकडे राहतील.