हत्तींच्या सेवेच्या नावाखाली घेतलेले पैसे

माझी भाची उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकते आणि मी लातूर जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली आहे. त्यामुळे दक्षिणेकडील एका ‘हत्ती सेवा केंद्रा’त स्वयंसेवक म्हणून जाण्याची जाहिरात तिने दाखवली, तेव्हा ती आम्हा दोघांनाही मनापासून आवडली. मराठवाड्यात रानटी हत्ती नाहीत. आपल्याला हत्ती दिसतो तो जत्रेत किंवा दारोदार फिरवला जाणारा, आणि त्याच्यासाठी काही करता यावे असे वाटणारी माणसे गावोगावी आहेत. याच कळवळ्यावर हा धंदा चालतो, म्हणून हे लिहीत आहे.

सर्कशीतून सुटका झालेल्या हत्तींची शुश्रूषा, चारा, पायांची निगा आणि नोंदी ही कामे स्वयंसेवकांनी करायची, तसेच राहण्याजेवणासह दिलेली सर्व रक्कम देणगी मानली जाऊन प्राप्तिकरात सवलत मिळेल, असे जाहिरातीत म्हटले होते. थोड्याच जागा उरल्याचे सांगून आगाऊ घेतलेली रक्कम एका व्यक्तीच्या खात्यात जमा झाली आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या पावतीवर संस्थेचा नोंदणी क्रमांक नव्हता.

तेथे फाटकाजवळच सवारीचे दरपत्रक लावलेले होते. हत्ती सिमेंटच्या ओट्यावर आखूड साखळदंडांनी बांधलेले होते. मोकळा हत्ती दिवसाचा बहुतेक वेळ चालण्यात आणि खाण्यात घालवतो, त्याला रोज साधारण १५० किलो चारा लागतो आणि त्याचे तळवे मऊ जमिनीसाठी घडलेले असतात. कठीण, मलमूत्राने ओल्या राहणाऱ्या जमिनीवर सतत उभे राहिल्याने नखे चिरतात आणि तळव्यात गळू होते. एका हत्तिणीच्या पुढच्या पायाच्या नखापाशी पू झालेला मी स्वतः पाहिला, आणि त्याच पायाने ती पाठीवर हौदा घेऊन पर्यटकांना फिरवत होती. उभी असली की ती एका लयीत डोके आणि अंग डोलवत राही. ती आनंदाने नाचते, असे पर्यटकांना सांगितले जाई. वस्तुतः बांधून ठेवलेल्या हत्तींमध्ये दिसणारे हे मानसिक ताणाचे लक्षण आहे. “मामा, इथे औषधांची नोंदवहीसुद्धा नाही,” असे भाचीने मला सांगितले, तेव्हा तिचा आवाज रागाने कापत होता.

स्वयंसेवकांना काम होते ते पर्यटकांच्या छायाचित्रांसाठी हत्तींना आंघोळ घालण्याचे. क्षयरोग माणसाकडून हत्तीला आणि हत्तीकडून माणसाला होऊ शकतो, म्हणून जबाबदार केंद्रे हा संपर्क मर्यादित ठेवतात. येथे कोणालाही थेट सोंडेजवळ उभे केले जात होते.

हत्ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे आणि तो बाळगणाऱ्याकडे मुख्य वन्यजीव रक्षकांनी दिलेले मालकी प्रमाणपत्र असावे लागते. ते मागितल्यावर आम्हाला उद्धटपणे उत्तर मिळाले, आणि पैसे परत मागितले तेव्हा देणगी परत होत नाही असे सांगण्यात आले. मुक्काम आणि जेवणाच्या बदल्यात घेतलेले पैसे देणगी कसे ठरतात, याचे उत्तर कोणाकडेही नव्हते.

अशा ठिकाणी जाण्याचा विचार असेल, तर पैसे पाठवण्यापूर्वी प्रत्येक हत्ती कोणाच्या ताब्यातून आणि कोणत्या आदेशाने सुटला, हे लेखी विचारावे. खरी सुटका बहुधा वन विभागाच्या किंवा न्यायालयाच्या कारवाईतून होते आणि तिची कागदपत्रे असतात. सवारी, खेळ किंवा सर्वांसाठी आंघोळ असे काही जाहिरातीत दिसले, तर बाकीचे काहीही तपासण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पशुवैद्य किती वेळा येतो, हा प्रश्नही अवश्य विचारावा. आम्ही गेलो त्या ठिकाणी त्याचे नावदेखील कोणाला सांगता आले नाही.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे परराज्यातील सेवेविषयीची तक्रारही आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. त्यानुसार आम्ही लातूरला तक्रार दाखल केली आहे. हत्तिणीच्या पायाची छायाचित्रे त्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे स्वतंत्र अर्जासोबत पाठवली असून, तिची वैद्यकीय तपासणी करावी अशी मागणी त्यात केली आहे.